पहिला खिशातला चाकू घेताना

बजेट बेताचं असेल तर फार शोधाशोध न करता ओपिनेल कंपनीचा ८ नंबरचा घडीचा चाकू घे. फ्रान्सच्या साव्हुआ भागातली ही कंपनी १८९० पासून चाकू बनवतेय. पातं साडेआठ सेंमीचं, मूठ बीच लाकडाची, वजन खिशात जाणवतही नाही. पातं मुठीला जोडलंय तिथलं कडं फिरवलं की उघडं पातं बोटांवर मिटत नाही. उघडल्या उघडल्या ते फिरवायची सवय पहिल्या दिवसापासून लाव.

पातं कार्बन स्टीलचं की स्टेनलेस? कार्बनला धार झटकन लागते, पण लिंबू कापून तसंच ठेवलंस की काळं पडतं, आणि आपल्या पावसाळ्यात गंज चढायला कितीसा वेळ लागतो? मुंबई-कोकणात राहत असशील तर निमूटपणे पात्यावर ‘इनॉक्स’ (म्हणजे स्टेनलेस) लिहिलेला घे.

एक खोड आहे. मूठ भिजली की लाकूड फुगतं आणि पातं नखाने निघत नाही. ओढाताण करू नकोस, नख तुटेल. कडं मोकळं करून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकंच आपट. पात्याचं टोक आपोआप वर येतं. मग सावलीत वाळव.

बटण दाबताच खटकन उघडणाऱ्यांच्या नादी लागू नकोस, पोलिसांना उत्तरं देत बसशील. सणासुदीला, निवडणुकीत मनाईआदेश लागले की साधा चाकूही घरीच ठेव. विमानाने जाताना चेक-इन बॅगेत टाक, नाहीतर सिक्युरिटीवाले काढून घेतील.

धारेसाठी हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाचा बारीकपणा) दगड पुरे.