‘दोष आढळला नाही’ लिहिलेली जॉबशीट जपून ठेवा

प्रश्न : किट लेन्ससह घेतलेल्या डीएसएलआरवर मधूनच ‘एरर ०१’ येतो. कॅमेरा आणि लेन्स यांचा संपर्क नीट होत नाही, काँटॅक्ट (जोडणीचे धातूचे बिंदू) साफ करा, असा संदेश दिसतो. तीनदा सर्व्हिस सेंटरला नेला. दोनदा तोंडी ‘काही नाही’ म्हणून परत दिला, तिसऱ्यांदा ‘दोष आढळला नाही’ अशी जॉबशीट (दुरुस्तीची नोंदपावती) दिली. वॉरंटी संपल्यावर आता लेन्सचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारे, लहान-मोठे होणारे छिद्र) युनिट बदलण्याचा खर्च मागत आहेत. नवा कॅमेरा आणि भरपाई मिळेल का?

उत्तर : पत्राची बरीच जागा सर्व्हिस सेंटरच्या उद्धटपणावर गेली आहे. ग्राहक आयोगापुढे त्याला फारशी किंमत नाही. किंमत आहे ती सोबत जोडलेल्या जॉबशीटला, आणि तिच्यातल्या दोन रकान्यांना.

पहिला रकाना ग्राहकाच्या तक्रारीचा. तिथे ‘एरर ०१, कधीकधी’ असे लिहिले आहे आणि तारीख वॉरंटी संपायच्या अकरा दिवस आधीची आहे. प्रकरण या ओळीवर उभे आहे. वॉरंटीत दोष कळवला की नाही हा प्रश्न इथेच मिटतो. दोष त्यांना तेव्हा सापडला नाही, हा त्यांच्या तपासणीचा प्रश्न. तिथे नुसते ‘जनरल चेकअप’ असते, तर हे उत्तर बरेच निराशाजनक झाले असते. आधीच्या दोन फेऱ्यांचा कागद का मागितला नाही, हे मात्र अनाकलनीय आहे. कागद नसलेली फेरी सिद्ध करणे फार अवघड.

दुसरा रकाना सोबत दिलेल्या वस्तूंचा. तिथे ‘फक्त बॉडी’ आहे! म्हणजे लेन्स घरी राहिली आणि त्यांनी स्वतःची लेन्स लावून तपासले. एरर कसा येणार? कंपनी हाच मुद्दा धरेल. त्यावर उत्तर आहे : संदेशातच लेन्सचा उल्लेख असताना तंत्रज्ञाने ती मागवायला हवी होती, हा सेवेतला दोष. युक्तिवाद चांगला आहे, पण आयोग तो मान्य करेलच असे सांगत नाही.

आता पुरावा पक्का करा. काँटॅक्ट कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि मूळ कंपनीची बॅटरी घाला. मग तीच लेन्स पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर आणि एफ ११ वर (म्हणजे छिद्र बरेच मिटवून), झूमच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, वापरून पाहा. उघड्या अ‍ॅपर्चरवर फोटो निघतो, पण अ‍ॅपर्चर मिटताना एरर येतो, तोही ठरावीक झूमवरच, असे दिसले तर आतली फ्लेक्स केबल (वाकणारी पातळ पट्टीसारखी वायर) तुटत आल्याचा दाट संशय. झूम फिरवताना ती वाकत राहते; म्हणून दोष कधी दिसतो, कधी नाही. त्याच बॉडीवर दुसरी लेन्स नीट चालते का, तेही पाहा. हे सगळे न थांबवता एकाच व्हिडिओत घ्या, सुरुवातीला बॉडी आणि लेन्सचे सिरियल नंबर दाखवून. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र लागेल.

वस्तू प्रयोगशाळेत गेली आणि तिथे टेबलावर एरर आला नाही, तर अहवाल विरोधात जाईल. म्हणून तपासणीच्या अर्जात झूमचा आकडा आणि अ‍ॅपर्चर लेखी द्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ म्हणतो की तपासणी लागणारी तक्रार विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो पाच महिन्यांत निकाली काढावी. त्या ‘शक्यतो’चे काय होते, ते तारखांवर गेल्यावर कळेल.

तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे, त्याच कायद्याचे कलम ६९. ती नेमकी कधी सुरू होते यावर वाद होऊ शकतो. तुम्ही जॉबशीटच्या तारखेपासूनच मोजा. नोटिसा आणि ईमेल पाठवत राहिल्याने ती थांबत नाही. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण त्या भरवशावर बसू नका. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

नव्या कॅमेऱ्याची आशा कमी ठेवा. वॉरंटी सदोष भाग बदलण्याची असेल तर अख्खी वस्तू बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात म्हटले आहे. मोफत दुरुस्ती आणि माफक भरपाई ही मागणी टिकण्यासारखी. सुट्टीच्या दिवशी लग्नांचे फोटो काढता, ते लपवू नका. स्वतःच्या उपजीविकेसाठीचा वापर कायद्याला चालतो. लपवलेले उघड झाले तर बाकीच्या म्हणण्यावरही शंका येते.

तोवर लेन्स बाहेर कुणाकडे उघडू देऊ नका, खराब सुटा भाग हाच पुरावा आहे. दुरुस्ती थांबवता येण्यासारखी नसेल, तर ‘हक्क राखून पैसे भरत आहे, काढलेला जुना भाग परत द्यावा’ असे ईमेल पैसे भरण्याआधी करा.