दुखत नाही, म्हणूनच जपायचं

चि. पोरी,

अंगणात धावतानाचा तुझा व्हिडिओ पाहिला. खाली लिहिलंयस, "ताई, आता अजिबात दुखत नाही!" गुडघ्याच्या ऑपरेशनला अडीच महिने होतायत आणि मला तेच वाक्य वाचून धडकी भरली.

गुडघ्यात हाडांना बांधून ठेवणारी तुझी तुटलेली दोरी, म्हणजे अस्थिबंध, डॉक्टरांनी शिवलेली नाही. मांडीच्या मागचा स्नायूबंध काढून, हाडात भोकं पाडून, तो नवी दोरी म्हणून बसवलाय. तिथे बसवला की त्याचा जुना रक्तपुरवठा तुटतो. मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुने धागे झिजतात, नवे विणले जातात. साधारण दीड ते तीन महिन्यांच्या काळात हा बंध बसवला त्या दिवसापेक्षाही कच्चा असतो. आणि नेमकी तेव्हाच सूज उतरलेली, चाल सुधारलेली, दुखणं पळालेलं! तुझ्याआधीच्या कबड्डीतल्या चढाईवाल्या पोरीही इथेच फसल्यात.

चढाईत बोनस गुण घेताना एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकतो, दुसरा हवेत, आणि त्याच क्षणी तू मागे वळतेस. सगळा पीळ त्या एका गुडघ्यावर. मॅटवर बुटाची पकड घट्ट, त्यामुळे पाऊल फिरत नाही, गुडघा फिरतो. म्हणून 9 महिन्यांच्या आत मैदानाचं नाव काढू नकोस. 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 9 महिन्यांपर्यंत खेळात परतणं जसजसं एकेक महिना लांबवलं, तसतसा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्याने कमी होत गेला. निवड चाचणी हुकेल, हो. हुकू दे.

तोवर करायचं काय? पालथी झोप, दोन्ही गुडघ्यांखालचे पाय पलंगाबाहेर लोंबू देत आणि आईला टाचा बघायला सांग. ऑपरेशनच्या पायाची टाच वर राहत असेल, तर गुडघा अजून पुरता सरळ होत नाहीये. फिजिओंना आधी हे सांग. सरळ न होणारा गुडघा पुढे फार छळतो, वाकवण्याचं मागाहून जमतं.

मांडीही बघ. सांध्यात पाणी असलं की मेंदू पुढचा स्नायू जणू बंदच करून टाकतो, म्हणून ती इतक्या लवकर सुकते. गुडघ्याच्या वाटीच्या वर 10 सेंटिमीटरवर पेनाने खूण कर, शिंप्याची टेप लाव, दोन्ही पायांचं माप वहीत लिही. दर रविवारी, रोज नको. रोज मोजलंस तर रडत बसशील. अर्थात टेप ताकद सांगत नाही. ताकदीची आणि एका पायावरच्या उडीची चाचणी फिजिओ वेळ आली की घेतीलच. दुखरा पाय चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के भरला पाहिजे. त्या उड्या घरी करून बघायच्या नाहीत, कळलं?

व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा फुगलेला दिसला तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समज आणि थोडं कमी कर. पूर्ण बंद करू नकोस. अंडी खातेस ना? नसशील तर उसळ, दही दोन्ही वेळेला.

आणि घरात कुढत बसू नकोस. संध्याकाळी सरावाला ये, गुणलेखन कर. उजव्या कोपऱ्यातली ती नवी पोरगी दर वेळी लवकर झेप घेते, तिच्यावर लक्ष ठेव. सोमवारी येताना वही आण.

तुझी ताई