चार्ज घेताना केलेली सही : विभागप्रमुखांच्या कामाविषयी वाचकांचे प्रश्न

नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे खान्देशातील प्राध्यापकांची असून ती सर्व विभागप्रमुखपदाशी संबंधित आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातील प्रश्न इतरांच्याही मुळाशी आहे.

प्रश्न : मी शहादा तालुक्यातील एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राची सहायक प्राध्यापक आहे. आमचे विभागप्रमुख जूनमध्ये सेवानिवृत्त झाले आणि प्राचार्यांनी एका ओळीचे पत्र देऊन विभाग माझ्याकडे सोपवला. किल्ल्यांचा जुडगा आणि तीन रजिस्टरे मिळाली. काम काय करायचे हे मात्र कोणी सांगितले नाही. विभागात तीन मंजूर पदांपैकी एक रिक्त आहे, उरलेले तास तासिका तत्त्वावरील (तासागणिक मानधन घेणारे) शिक्षक घेतात. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : मॅडम, आपण त्या तीन रजिस्टरांवर अद्याप सही केली नसेल, तर सुरुवात तेथूनच करावी. चार्ज घेणे म्हणजे किल्ल्या घेणे नव्हे. डेडस्टॉक रजिस्टरातील (विभागाच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतील) प्रत्येक नोंद समोर ठेवून वस्तू प्रत्यक्ष मोजावी, तिच्यावर रंगवलेला क्रमांक रजिस्टरातील क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे, आणि जी वस्तू सापडत नाही किंवा मोडलेल्या अवस्थेत आहे तिची स्वतंत्र यादी करून ती प्राचार्यांकडे आवक क्रमांकासह द्यावी. मी हे स्वतःच्या चुकीतून शिकलो. विभाग हाती आला तेव्हा रजिस्टरात १४ सूक्ष्मदर्शक होते आणि कपाटात ११. आधीच्या प्रमुखांविषयी आदर होता, त्यांच्यासमोर मोजत बसणे मला अप्रशस्त वाटले, म्हणून मी सही करून मोकळा झालो. तीन वर्षांनी लेखापरीक्षकांनी विचारणा केली, तेव्हा उत्तर देण्याची पाळी अर्थातच माझ्यावर आली. त्यांतील एक सूक्ष्मदर्शक पुढे शेजारच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांचाच क्रमांक रंगवलेला सापडला. उरलेले दोन आजतागायत सापडलेले नाहीत. निवृत्त सरांना चहाला बोलावून त्यांच्यासमवेत मोजणी केली, तर त्यात अपमान कोणाचाच होत नाही, उलट कोणती वस्तू कोणाला उसनी दिली आहे हे त्यांनाच आठवत असते.

वनस्पतिशास्त्राच्या विभागात मोजण्याच्या वस्तू इतर विभागांपेक्षा अधिक नाजूक असतात. हर्बेरियमच्या (वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) जुन्या शीटना कीड लागू नये म्हणून पूर्वी मर्क्युरिक क्लोराइड वापरले जात असे आणि ते विषारी आहे. त्यामुळे जुनी कपाटे उघडताना हातमोजे घालावेत आणि साफसफाई शिपाईमामांवर बिनदिक्कत सोपवू नये. फॉर्मॅलिनमधील नमुन्यांच्या बरण्या, मुदत उलटलेली रसायने आणि बंद पडलेली उपकरणे वर्षानुवर्षे मोजत राहण्यापेक्षा त्यांच्या निर्लेखनाचा (नोंदीतून रीतसर कमी करण्याचा) प्रस्ताव पहिल्याच वर्षी प्राचार्यांकडे पाठवावा. रजिस्टरातून नोंद खोडणे हे मात्र विभागप्रमुखाच्या अधिकारात नाही. समितीचा ठराव झाल्यावर त्याचा क्रमांक नोंदीसमोर लिहिला की ती नोंद संपते.

दुसरे काम कार्यभाराचे, म्हणजे विभागाच्या साप्ताहिक अध्यापन तासांच्या हिशेबाचे आहे, आणि माझ्या मते विभागप्रमुखाच्या सर्व कामांत सर्वांत दूरवर परिणाम करणारे तेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांनी १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करणे अपेक्षित आहे. आपण आणि आपले सहकारी दोघेही सहायक प्राध्यापक असाल, तर तुमच्या दोघांचे मिळून ३२ तास होतात. विभागाचा एकूण कार्यभार समजा ५० तास असेल, तर उरलेल्या १८ तासांवरच तासिका तत्त्वावरील नेमणुका होणार आणि रिक्त पदाची मागणीही त्याच आकड्यावर उभी राहणार. हा तक्ता प्राचार्यांमार्फत उच्च शिक्षणाच्या जळगाव विभागीय सहसंचालकांकडे जातो, आणि तो चुकला तर पद मिळत नाही, असलेले पदही अडचणीत येऊ शकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झालेल्या नव्या आराखड्यामुळे जुना तक्ता पाहून नवा करण्याची सोय आता राहिलेली नाही. सिद्धान्ताच्या एका श्रेयांकास (क्रेडिटला) सत्रात १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास ३० तास धरले जातात, म्हणून दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक एका तुकडीला आठवड्याला ४ तास मागते आणि तुकड्या वाढल्या की त्याच पटीत तास वाढतात. मुख्य विषय, गौण विषय, खुला वैकल्पिक विषय आणि कौशल्याधारित अभ्यासक्रम यांचे तास वेगवेगळ्या रकान्यांत दाखवावेत. खुल्या वैकल्पिक विषयाचे तास तर दोन विभागांनी आपापल्या नावावर दाखविल्याचे मी पाहिले आहे, आणि पडताळणीत अशा वेळी दोघांचेही तास कापले जातात.

वेळापत्रक हे वरकरणी शिक्षकांच्या सोयीचे काम वाटते, परंतु आपल्या भागात ते एस.टी.च्या वेळापत्रकाशी बांधलेले आहे. धडगावकडून घाट उतरून येणारी मुले पहिल्या तासाला वेळेवर पोहोचतात की नाही आणि मुलींना शेवटची गाडी मिळावी म्हणून प्रात्यक्षिक किती वाजता संपले पाहिजे, हे त्यांनाच विचारून मग तक्ता मांडावा. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. होळीला सातपुड्यातील पाडे भरलेले असतात आणि वसतिगृहे रिकामी. त्या आठवड्यात अंतर्गत परीक्षा ठेवून नंतर गैरहजेरीचा शेरा मारणे हा नियोजनातील दोष आहे, त्याचे खापर मुलांवर फोडता येणार नाही. कपाशीची वेचणी आणि अखाजी (अक्षय्य तृतीया) यांच्याबाबतही हाच विचार करावा. शैक्षणिक दिनदर्शिका विद्यापीठ ठरवते हे खरे. पण चाचणीची तारीख सामान्यतः विभागाच्या हातात असते.

तासिका तत्त्वावरील शिक्षकांची देयके दर महिन्याला आपल्या सहीने पुढे जातील. त्यांच्या तासांची नोंद त्याच दिवशी रजिस्टरात व्हावी आणि महिना संपताच प्रमाणित विवरण कार्यालयात पोहोचावे, अशी शिस्त पहिल्या महिन्यापासून घालावी. त्यांचे मानधन अनेकदा महिनोन्महिने रखडते आणि त्यातील बहुतेक विलंब आपल्या हाताबाहेरचा असतो. किमान आपल्या टेबलावरच्या एका दिवसाचीही त्यात भर पडू नये. न झालेल्या तासावर दयेपोटी सही करू नये, हेही तितकेच खरे आहे.

खरेदीबाबत आपला अधिकार मागणी करण्यापुरता आणि आलेल्या मालाची तपासणी करण्यापुरता आहे. दरपत्रके मागवणे, तुलनात्मक तक्ता करणे आणि पुरवठा आदेश देणे ही कामे महाविद्यालयाच्या खरेदी समितीची आणि कार्यालयाची. सूक्ष्मदर्शकाचे तांत्रिक वर्णन मात्र आपणच नीट लिहून द्यावे, नाहीतर सर्वांत कमी दराचे उपकरण येते आणि ते कपाटातच राहते. महाविद्यालयाचे अंदाजपत्रक ज्या महाविद्यालय विकास समितीपुढे जाते, त्या समितीवर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्राचार्यांनी नामनिर्देशित केलेले एक विभागप्रमुख असतात. ते कोण आहेत याची चौकशी करून आपली मागणी त्यांच्याही कानावर घालावी.

शैक्षणिक सहल काढणार असाल तर एक सावधगिरी सांगतो. तोरणमाळला मुले नेणे वेगळे आणि यावल अभयारण्यात नेणे वेगळे. अभयारण्यातून वनस्पतीचे नमुने गोळा करायचे असतील तर वन विभागाची लेखी परवानगी आधी हवी. ‘पालकांचे संमतिपत्र घेतले आहे’ हे उत्तर तेथील चौकीवर चालत नाही.

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका महाविद्यालयात विभागप्रमुख आहे. माझ्यापेक्षा सेवेने ज्येष्ठ असलेल्या सहकाऱ्यांनी प्रमुखपद लेखी नाकारले, म्हणून ते माझ्याकडे आले. आता ते तास नियमित घेत नाहीत आणि विद्यार्थी माझ्याकडे तक्रार करतात. मी त्यांना ज्ञापन (लेखी खुलासा मागणारे पत्र) देऊ शकतो का?

उत्तर : सर, ज्ञापन देण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिस्तभंगविषयक पत्रव्यवहार प्राचार्य आणि संस्था यांच्या कक्षेत येतो, आणि तो आपण आपल्या सहीने सुरू केला तर मूळ तक्रार बाजूला राहून आपल्या अधिकाराचीच चर्चा होईल. संलग्न महाविद्यालयांत हे पद सामान्यतः सेवाज्येष्ठतेने येते, त्यासाठी वेगळा भत्ता मिळत नाही, आणि बरोबरीच्या माणसांनी बरोबरीच्या माणसाचे ऐकावे अशी त्याची रचना आहे. ही रचना मला स्वतःला अर्धवट वाटते, पण ती तशी आहे.

मात्र आपण अगदीच हतबल नाही. सत्राच्या सुरुवातीला विभागाची बैठक घेऊन कार्यभाराचे वाटप इतिवृत्तात नोंदवावे आणि सर्वांच्या सह्या घ्याव्यात. त्या वाटपात सर्वांत गैरसोयीचा तास स्वतःकडे ठेवावा. पहिला तास प्रमुखांचा आहे हे एकदा दिसले की पुढचे बोलणे सोपे जाते. त्यानंतर दर महिन्याच्या शेवटी झालेल्या आणि न झालेल्या तासांचे विवरण, स्वतःच्या तासांसह, कोणताही शेरा न मारता प्राचार्यांकडे पाठवावे. केवळ एका व्यक्तीविषयी पाठवलेले पत्र हे भांडण समजले जाते, तर सर्वांविषयी दरमहा जाणारे विवरण हे कामकाज ठरते. त्याआधी सहकाऱ्यांशी दार लावून एकदा मोकळेपणाने बोलावे, हे वेगळे सांगायला नको. घरात दुखणे असेल, पदोन्नतीचा प्रस्ताव अडकला असेल, आणि तुम्ही वयाने लहान असल्यामुळे ते बोलत नसतील, असेही असू शकते. विद्यार्थ्यांची तक्रार तोंडी ठेवू नये. पण त्यांच्याकडून ती लिहून घेताना आपण लिहायला लावली असे वाटता कामा नये, याची काळजी घ्यावी.

प्रश्न : धुळे शहरातील आमच्या महाविद्यालयात नॅकची (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या तपासणीची) तयारी सुरू आहे. मागील पाच वर्षांची विभागाची माहिती मागितली आहे. मी प्रमुख होऊन दीडच वर्ष झाले आणि त्यापूर्वीच्या बैठकांची इतिवृत्ते किंवा कार्यक्रमांचे अहवाल विभागात नाहीत. ‘जुन्या तारखा टाकून तयार करा, सगळेच करतात,’ असे सांगण्यात येत आहे. काय करावे?

उत्तर : करू नये. जी बैठक झाली की नाही हे आपल्याला माहीत नाही तिच्या इतिवृत्तावर आपली सही असणे हा खोटा कागद आहे, आणि तो नॅकच्या फायलीत गेला म्हणून खरा होत नाही. उद्या माहितीच्या अधिकारात कोणी तोच कागद मागितला आणि जन माहिती अधिकाऱ्याने त्यासाठी आपले साहाय्य मागितले, तर २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ५ नुसार आपणही त्या प्रकरणापुरते जन माहिती अधिकारीच समजले जाता. माहिती देण्याची मुदत ३० दिवसांची असते आणि जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याबद्दलचा दंड दिवसाला २५० रुपये दराने २५,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. हा दंड व्यक्तीला होतो, महाविद्यालयाला नव्हे.

झालेले कार्यक्रम मात्र शोधून काढता येतात. कार्यालयाचे आवक-जावक रजिस्टर, पाहुण्यांना दिलेल्या मानधनाच्या पावत्या, ग्रंथालयाच्या नोंदी, महाविद्यालयाचे वार्षिक अंक, विद्यापीठाचे निकालपत्रक, स्थानिक वर्तमानपत्रांतील बातम्या आणि सहकाऱ्यांच्या फोनमधील तारखेसह असलेली छायाचित्रे यांतून बरेच काही उभे राहते. त्यावरून अहवाल तयार करावा, त्याखाली आजचीच तारीख टाकावी आणि ‘उपलब्ध अभिलेखांवरून संकलित’ असे लिहावे. जे सापडत नाही तेथे ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे लिहून समन्वयकांना कळवावे. गुण थोडे कमी होतील, ते होऊ द्यावेत. तोंडी दबाव कायम राहिला, तर ‘आपण दिलेल्या सूचनेनुसार मागील तारखेची इतिवृत्ते तयार करावीत किंवा कसे, याबाबत लेखी मार्गदर्शन व्हावे’ अशी दोन ओळींची टिपणी सादर करावी. अशा टिपणीला लेखी होकार आल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

पुढच्या प्रमुखांवर हीच वेळ येऊ नये म्हणून इतिवृत्ताची सुटी पाने न ठेवता पृष्ठांक घातलेली बांधीव वही वापरावी आणि ती चार्जच्या यादीत लिहावी.

प्रश्न : विभागातील शिक्षकांची किरकोळ रजा विभागप्रमुखाने मंजूर करायची असते का? (चाळीसगाव)

उत्तर : नाही. विभागप्रमुख शिफारस करतात, मंजुरी प्राचार्य देतात. वर्षाला ८ दिवसांची किरकोळ रजा शिल्लक आहे का हे कार्यालय पाहते. आपण एवढेच पाहावे की अर्जावर त्या दिवसाचे तास कोण घेणार हे लिहिलेले आहे आणि ज्यांचे नाव लिहिले आहे त्यांची सहीही आहे.