दिवेलागणीनंतरचे दोन तास : वाचकांचे प्रश्न

थंडी पडली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून येणाऱ्या पत्रांचा सूर सारखाच असतो : लहान मुलांना घरात कसं रमवायचं? त्यातली सहा पत्रं इथं घेतली आहेत.

प्रश्न : मुलं तीन आणि पाच वर्षांची. थंडी म्हणून दिवसभर घरातच ठेवतो. संध्याकाळी सहापासून जेवणापर्यंत धिंगाणा असतो, शेवटी मोबाईल द्यावा लागतो. काय करू? (एक आई, बेळगाव)

दिवसभर घरात ठेवू नका, अर्धा प्रश्न तिथंच सुटेल. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे, म्हणून पहाटे धुकं असतं आणि पारा 13-15 अंशांपर्यंत उतरतो. पण दुपारी तोच 28-30 पर्यंत चढतो. नऊनंतरच्या उन्हात पोरं अंगणात किंवा गच्चीवर खेळायलाच हवीत. घरात थांबण्याची वेळ दोनदाच येते : सकाळी धुकं विरेपर्यंत आणि दिवेलागणीनंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनेनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसातून 180 मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली किमान 60 मिनिटं दम लागेल अशी. ती झाली नसेल तर सहा वाजता हातात रंगपेटी देऊन मूल बसत नाही, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

म्हणून क्रम पाळा : आधी अंग, मग हात, मग कान. बहुतेक घरांत तो उलटा असतो. आल्याआल्या चित्र काढायला बसवतात आणि झोपायच्या वेळी उड्या सुरू होतात.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं अंगाची. तीन मीटर सुती दोरी फरशीवर नागमोडी टाका आणि तिच्यावरून टाचेला बोटं लावत चालायला सांगा. मग उलटं चालणं, मग डोक्यावर ज्वारीची पिशवी ठेवून. पिशवी घरीच शिवा : जाड कापडाचा वीतभर चौकोन, आत पाव किलो ज्वारी, कडेला दुहेरी शिवण. गच्च भरू नका, दोन तृतीयांशच भरा. गच्च पिशवी डोक्यावरून घसरते आणि हातातही बसत नाही. हीच पिशवी दोन पावलांवरच्या बादलीत टाकायची, नेम बसला की एक पाऊल मागे सरकायचं. शेवटी ओढण्या-ढकलण्याचं काम द्या : जुन्या घोंगड्यावर धाकट्याला बसवून थोरल्यानं खोलीभर ओढायचं. जोर लावल्यावर मुलं शांत होतात, नुसत्या पळण्यानं आणखी उधाणतात.

एक चूक फार घरांत होते. शहाबादी फरशी गार लागते म्हणून मोजे घालतात आणि त्याच मोज्यांत पोरं पळतात. गुळगुळीत फरशीवर मोजा सटकतो, मूल मागं पडतं आणि डोकं आपटतं. पळताना अनवाणी, बसताना मोजे.

नंतर अर्धा तास हातांचा. खेळणीच हवीत असं नाही, या दिवसांत मटार घरात असतोच. शेंग देठाकडून मोडून शिवणीवर अंगठा दाबला की ती फुटते, हे तीन वर्षांच्या मुलालाही दोन-चार शेंगांत जमतं. मात्र शेजारी कोणीतरी बसलेलं हवं. पाच वर्षांच्या मुलाला भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्या. जेवणानंतर दिवा मंद करून गोष्ट, किंवा आवाज ओळखण्याचा खेळ : डोळे मिटायचे आणि वाटीवर चमचा, पिशवीतले तांदूळ, किल्ल्यांचा जुडगा यांतलं काय वाजलं ते सांगायचं.

मोबाईल दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराच्या आतच, कमी तितका बरा. द्यायचाच असेल तर शेवटी देऊ नका, आणि "दहा मिनिटं" असंही सांगू नका. तीन वर्षांच्या मुलाला मिनिट कळत नाही. "ही एक गोष्ट संपली की ठेवायचा" हे कळतं.

प्रश्न : घरी खेळायचा गोळा केला. मैद्याचा दुसऱ्या दिवशी चिकट झाला, ज्वारीच्या पिठाचा तुटतो. कुठं चुकतंय? (एक वाचक, खानापूर तालुका)

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. भाकरीसाठी आपण गरम पाण्यात पीठ मळतो तेही त्यासाठीच. त्याचा नाग वळायला गेलं की तो तुटणारच. आणि मैद्याचा गोळा चिकट झाला, कारण तो कच्चा होता. शिजवलेला गोळा टिकतो.

एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, एक वाटी पाणी, दोन चहाचे चमचे तेल, एका लिंबाचा रस. मीठ आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, नाहीतर गोळ्यात खडे लागतात. रंग त्याच पाण्यात घाला : हळद किंवा बिटाचा रस. लिंबामुळे हळद पिवळीच राहते. खाण्याचा सोडा पडला तर तांबडी होते, त्यामुळे दोन गोळ्यांचे दोन रंग करता येतात. सगळं गुठळी न ठेवता कालवून जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर तीन-चार मिनिटं सतत हलवा. आधी उप्पिटासारखं फुटकं दिसेल, मग एकदम कडा सोडून गोळा होईल. बोट दाबून पाहा : चिकटलं तर आणखी अर्धा मिनिट. जास्त शिजला तर चिरा पडतात, मग ओल्या हातानं मळा. कोमट झाल्यावर मळून मगच मुलांच्या हाती द्या, आत उष्णता बराच वेळ राहते.

प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे राहतो. पत्र्याचा डबा मिठानं गंजतो. थंडीच्या कोरड्या हवेत गोळा उघडा राहिला तर वरून लगेच कवच धरतो. यात मीठ खूप असतं : जीभ लावली तर बिघडत नाही, पण मोठा घास पोटात गेला तर बाधतो. म्हणून दोन वर्षांखालच्यांना देऊ नका, आणि कुत्र्या-मांजरापासूनही लांब ठेवा.

तुम्ही खानापूरकडचे, तेव्हा कुंभारमातीची संधी सोडू नका. तिथली लाल माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी उगीच नावाजलेली नाही. कुंभाराकडून मळलेली दोन किलो माती आणा, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मुलांच्या वस्तूंच्या भिंती करंगळीइतक्याच जाड ठेवा, जाड गोळा आतून ओला राहून वाळताना तडकतो. चुलीत मात्र भाजू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन वस्तू फुटते आणि कपची डोळ्यात जाऊ शकते.

चिकटवायला खळ लागली तर एक भाग मैदा आणि चार भाग पाणी शिजवा. टिकावी म्हणून काही जण तीत मोरचूद घालतात. तो विषारी असतो, मुलांच्या खळीत नको. खळ दोन दिवसांनी टाकून नवी करा.

प्रश्न : मुलं खेळतात त्या खोलीत शेगडीत कोळसे ठेवतो. धूर नसतो. चालेल ना? (एक आजोबा, निपाणी)

नाही, आजोबा. अगदी नको. धूर नसलेला लाल कोळसाच जास्त फसवतो. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साईड वायू निघतो, ज्याला ना वास ना रंग. मुलांचा श्वास भरभर चालतो, म्हणून त्यांना आधी बाधतो. डोकं दुखणं, मळमळ, पेंगुळणं ही लक्षणं. आपल्याला वाटतं, पोर खेळून दमलं. असं दिसलं तर लगेच मोकळ्या हवेत न्या आणि 108 ला फोन करा. खिडकी किलकिली ठेवली तरी मुलांच्या, विशेषतः झोपायच्या, खोलीत शेगडी नकोच.

ऊब कपड्यांतून द्या : आत सुती बनियन, वर स्वेटर, खाली सतरंजी आणि तिच्यावर घोंगडं. पळायच्या आधी स्वेटर काढा. घामेजलेलं बनियन मागून गार पडतं, खेळ संपला की बदला.

प्रश्न : थोरली सहा वर्षांची, धाकटा दीड. तिच्या खेळातलं सगळं तो तोंडात घालतो. (एक आज्जी, चिकोडी)

आज्जी, पुठ्ठ्याला 3.2 सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडा. त्यातून जे पार होतं ते तीन वर्षांखालच्या मुलाजवळ नको, हीच खेळण्यांच्या सुरक्षेची मोजणी आहे. बटणासारखे सेल तर घरात उघडे नकोतच. गिळले तर दोन तासांत अन्ननलिका भाजते, वाट न पाहता दवाखाना गाठा.

थोरलीचा खेळ टेबलावर, धाकट्याचा खाली. त्याला एकात एक बसणारे तीन डबे झाकणांसह द्या. आणखी एका वेगळ्या डब्याच्या प्लास्टिकच्या झाकणाला भोक पाडून, कडा घासून, आतून जुनी ओढणी अर्धी बाहेर काढून ठेवा. ती ओढण्यात तो बराच वेळ घालवेल. पाण्याचा खेळ फक्त दुपारी, परातीत कोमट पाणी घालून. फोन वाजला तरी उठू नका, बोटभर पाण्यातही बाळ गुदमरतं.

थोरलीला चौकाबारा शिकवा. तुमच्याकडं कोणी चल्लस-आठ म्हणत असेल. खडूनं पाच बाय पाच घरं आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि केंद्रावर फुली मारा. चार चिंचोके दगडावर घासून एक बाजू पांढरी करा. जितके पांढरे वर तितकी घरं पुढं. चारही पांढरे तर चार, चारही काळे तर आठ, आणि या दोन्हींना आणखी एक फेक. सोंगटी आपल्या बाजूच्या फुलीवरून निघते, बाहेरची रांग एका दिशेनं फिरून आतल्या रांगेत वळते, तिथं उलट दिशेनं फिरून केंद्रात जाते. सहा वर्षांच्या मुलीला सुरुवातीला एकच सोंगटी द्या आणि एकमेकांच्या सोंगट्या मारणं नको. चार सोंगट्या दिल्या की ती कोणती हलवायची यातच अडकते. शाळा कन्नड असेल तर एक डाव मराठीत मोजा, एक "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु" असा. खेळ संपला की चिंचोके मोजून डब्यात, धाकट्याच्या हाताला लागणार नाहीत असे.

प्रश्न : भिंतीवर हातांच्या सावल्या पुसट येतात. (एक बाबा, खानापूर)

खोलीतली ट्यूब बंद करा. लांब दिव्याची सावली विखुरते, ठिपक्याएवढ्या उजेडाची रेखीव पडते. मोबाईलचा टॉर्च भिंतीपासून सहा-सात फुटांवर ठेवा आणि हात भिंतीजवळ आणा. हात दिव्याकडं नेला की सावली मोठी होते, पण मऊ पडते. तीन वर्षांच्या मुलाला ससा-हरीण जमत नाही. त्याला जाड कागदाचे मासे काडीला चिकटवून द्या.

प्रश्न : संक्रांतीनंतर घरी बोरन्हाण आहे. पंधरा-वीस मुलं येतील, सगळी पाचाखालची. काय काळजी घ्यावी, काय खेळावं? (एक मावशी, बेळगाव)

लुटीच्या परातीतच खरी काळजी असते. शेंगदाणे, फुटाणे, काटेरी हलवा, बोरं, लिमलेटच्या गोळ्या हे सगळं श्वासनलिकेत अडकण्याच्या आकाराचं. वरून ओतल्यावर पोरं पळतापळता तोंडात भरतात, तोच धोका. चारपाच वर्षांखालच्यांसाठी ओतायला फक्त चुरमुरे आणि कागदी फुलं ठेवा. बोरं, ऊस, हलवा नंतर मोठ्यांच्या हाती पुड्यांत द्या. फुगे फुटले की तुकडे लगेच उचला, रबराचा तुकडा घशात चिकटून बसतो.

खेळ दोनच, आणि छोटे. "शिवाजी म्हणतो" मध्ये चुकलेल्याला बाहेर काढू नका, नाहीतर पाच मिनिटांत दहा मुलं रिकामी बसतील आणि तीच दंगा करतील. चुकलं तर एक गिरकी घेऊन पुन्हा खेळायचं. दुसरा, चुरमुऱ्यांचा : दोन गट, दोन वाट्या, प्रत्येकानं मूठभर चुरमुरे खोलीच्या टोकापर्यंत नेऊन परातीत टाकायचे. ओतण्याआधी जमिनीवर जुनी चादर पसरा. शेवटी चारही कोपरे उचलले की चुरमुरे एका झटक्यात गोळा होतात आणि फरशीवर कोणी घसरत नाही.