आधी दिनदर्शिका बघा

‘बुक ऑफ अवर्स’ म्हणजे मध्ययुगीन युरोपातलं घरगुती प्रार्थनापुस्तक. ते बघायला घेतलंत की सोन्याच्या चित्रांकडे लगेच धावू नका. सुरुवातीची दिनदर्शिका नीट वाचा. महत्त्वाचे सण तिथे बहुधा तांबड्या शाईत असतात. ३ जानेवारीला पॅरिसची रक्षक संत जनेव्हिएव्ह ठळक दिसली, तर प्रतीचा पॅरिसशी संबंध तपासा.

इंग्लंडमधली प्रत असेल तर २९ डिसेंबरला थांबा. हा कँटरबरीचा आर्चबिशप संत थॉमस बेकेट याचा सण. राजा आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये त्याचं नाव पुस्तकांतून काढायला लावलं. कुठे चर्मपत्र पार खरवडलेलं असतं, तर कुठे नुसती एक बारीक रेघ, खालचं नाव स्वच्छ वाचता येईल अशी. अशी रेघ दिसली की मला वाटतं, या माणसाने हुकूम पाळला, पण संताला पुसायला त्याचा हात धजावला नाही.

मालक शोधताना पानांवर रंगवलेल्या घराण्याच्या चिन्हांवर एकदम विसंबू नका. नवे मालक जुन्यावर आपली चिन्हं रंगवून घेत. ‘ओब्सेक्रो ते’ ही लॅटिन प्रार्थना काढा. तिथे प्रार्थना म्हणणाऱ्यासाठी ‘फामुलो’ म्हणजे दास किंवा ‘फामुले’ म्हणजे दासी असा शब्द येतो. लेखनिक सवयीने पुल्लिंगी रूपच लिहीत, म्हणून स्त्रीलिंगी सापडलं तर तो पुरावा वजनदार धरा.

घरच्या नोंदी तर सोडूच नका. मार्गारेट बोफोर्टच्या पुस्तकात तिच्या मुलाचा, पुढच्या सातव्या हेन्रीचा, जन्म दिनदर्शिकेतच नोंदवलेला आहे.

फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या कितीतरी प्रती त्याच्या ‘गॅलिका’ या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. पानांचे खालचे कोपरे मोठे करून बघा. जी प्रार्थना रोज म्हटली गेली, तिथलं पान बोटांनी काळवंडलेलं असतं.