आमदाराचं सभागृहातलं काम मोजायचं कसं?

अमळनेरच्या एका भाऊंनी विचारलंय की गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्ता फिरतोय. जिल्ह्यातल्या कोणत्या आमदाराने किती प्रश्न विचारले, किती लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचना) लावल्या, किती दिवस हजेरी लावली, असा. "आमना आमदार त्यात खाली दिसतो. या आकड्यांवर जायचं का? नाही तर मग काम मोजायचं कसं?"

भाऊ, तक्ता खोटाच असेल असं नाही. आकडे बहुतेक विधानमंडळाच्या कागदांतूनच उचललेले असतात. पण ते आकडे तयार कसे होतात हे माहीत नसेल तर पाणी मारलेल्या कापसाच्या वजनावर भाव ठरवल्यासारखं होईल. मी बरीच वर्षं खानदेशातल्या दोन आमदारांकडे स्वीय सहायक (पीए) होतो. दोघांचे पक्ष वेगळे, स्वभाव वेगळे. नावं विचारू नका. प्रश्न लिहिणं हे माझंच काम होतं, म्हणून थोडं आतलं सांगतो.

अधिवेशनाची तारीख लागली की पीए मंडळींची कात्रणं गोळा करायची धावपळ सुरू होते. जिल्हा आवृत्तीत आलेली बातमी घ्यायची आणि तिला ठरलेला साचा चढवायचा: "अमुक तालुक्यात अमुक महिन्यात तमुक प्रकार निदर्शनास आला, हे खरे आहे काय, असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" सरावलेला माणूस एका बैठकीत असे ढीगभर प्रश्न पाडतो. वर पीए लोकांची आपसात देवाणघेवाण चालते. तुमच्या प्रश्नाला आमच्या साहेबांचं नाव जोडा, आमच्याला तुमच्या. छापील यादीत कोल्हापूरच्या रस्त्याच्या प्रश्नाखाली जळगावच्या आमदाराचं नाव दिसतं ते असं. एका प्रश्नावर दहा-बारा नावं असली तर तक्त्यात तो दहा-बारा जणांच्या खात्यावर चढतो.

प्रश्न कुणाला हवा होता, हेही आकडा सांगत नाही. ठेका हुकलेला ठेकेदार दुसऱ्या ठेकेदाराविरुद्ध प्रश्न आणून देतो, बदली न झालेला कर्मचारी साहेबाविरुद्ध आणून देतो. याचं टोक खानदेशाने पाहिलंय. पैसे घेऊन प्रश्न विचारण्याचं छुपं चित्रीकरण बाहेर आल्यावर डिसेंबर २००५ मध्ये संसदेने ११ खासदारांची हकालपट्टी केली, लोकसभेचे १० आणि राज्यसभेचा १. त्यात जळगाव आणि तेव्हाचा एरंडोल, अशा आपल्या दोन्ही मतदारसंघांचे खासदार होते. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही संसदेचा तो अधिकार मान्य केला. पैसे घेऊन विचारलेला प्रश्नसुद्धा तक्त्यात एकच धरला जातो, आणि शेतकऱ्यासाठी तळमळीने विचारलेलाही एकच.

मग बघायचं काय? प्रश्नाचा मजकूर आणि त्याखालचं उत्तर. केळीचंच घ्या. हवामान आधारित फळपीक विम्यावर रावेर-यावल पट्ट्यातून दरवर्षी ओरड असते. एक आमदार विचारतो, "केळी उत्पादक शेतकरी विमा भरपाईपासून वंचित आहेत, हे खरे आहे काय?" उत्तर येतं, "हे खरे नाही." त्याखाली उरलेल्या उपभागांना "प्रश्न उद्भवत नाही." विषय संपला. दुसरा विचारतो की कोणत्या महसूल मंडळात किती शेतकऱ्यांनी हप्ता भरला, तापमानाची नोंद कोणत्या हवामान केंद्राची धरली, त्या नोंदीनुसार कोणत्या तारखांना निकष पूर्ण झाला, किती दावे नाकारले आणि कोणत्या कारणाने. याला "हे खरे नाही" म्हणून सुटता येत नाही. खात्याला आकडे काढावे लागतात, आणि ते आकडे घेऊन शेतकरी तालुका कृषी कार्यालयात जाऊन भांडू शकतो. असा एक प्रश्न लिहायला आम्हाला आठ-आठ दिवस लागायचे. कृषी सहायकापासून विमा कंपनीच्या तालुका प्रतिनिधीपर्यंत सगळ्यांना फोन व्हायचे. तक्त्यात मात्र तो एकच.

तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं असतं) प्रत्यक्ष उत्तराला लागला तर त्यावरचे उपप्रश्न ऐका. अभ्यास कुणाचा आणि चिठ्ठी कुणाची ते तिथे उघडं पडतं. मंत्री म्हणाले "तपासून घेतो" आणि आमदार खाली बसला, तर समजायचं की प्रश्न पीएचा होता. (आमच्याकडेही असं झालंय, दोन्ही साहेबांच्या बाबतीत.) औचित्याच्या मुद्द्याच्या, म्हणजे सदस्याने एखादा विषय सभागृहात थोडक्यात मांडल्याच्या, क्लिपा हल्ली फार फिरतात. दोन मिनिटांचं जोरदार भाषण, खाली गाणं. त्यावर मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नसतं, हे क्लिप पाठवणारा सांगत नाही.

आता तक्त्यात खाली दिसणाऱ्यांचं. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांपर्यंतच असू शकतं, म्हणजे २८८ च्या विधानसभेत जास्तीत जास्त ४३. इतकी माणसं तक्त्यात धरायचीच नसतात. अध्यक्षही तसेच. खानदेशाने विधानसभेला रावेरकडचे मधुकरराव चौधरी (१९९० ते १९९५) आणि चोपड्याचे अरुणभाई गुजराथी (१९९९ ते २००४) असे दोन अध्यक्ष दिले. त्या काळाचा असा तक्ता केला तर दोघांपुढे शून्य येईल, आणि त्या शून्याला काहीच अर्थ नसेल. सत्ताधारी पक्षाच्या साध्या आमदाराचंही गणित वेगळं. स्वतःच्या सरकारला अडचणीत आणण्यापेक्षा तो पत्र घेऊन मंत्र्यांच्या दालनात जातो आणि कोपऱ्यात "तपासून सादर करावे" असा शेरा घेऊन येतो. काम त्यानेही होतं कधीकधी, पण ते सभागृहाच्या कागदावर येत नाही. म्हणून ते मोजताही येत नाही आणि नंतर कुणाला जाबही विचारता येत नाही.

हजेरीबद्दल थोडक्यात. सभागृहाच्या परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिलं तर जागा रिक्त ठरवता येते, असं घटनेच्या १९० व्या अनुच्छेदात आहे. त्याच्या अलीकडे हजेरीपटावर सही असणं आणि बाकावर बसलेलं असणं यात खूप अंतर असतं. हजेरी अगदीच कमी असेल तर विचारा. ९० टक्के की ७५ टक्के, यावर भांडू नका.

काही जण अमेरिकेतल्या मोजणीचं उदाहरण देतात, म्हणून तेही सांगतो. तिथे क्रेग व्होल्डन आणि ॲलन वाइजमन या दोन प्राध्यापकांनी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यांसाठी परिणामकारकतेचा गुणांक काढलाय. सदस्याने मांडलेलं विधेयक कुठवर गेलं ते ते पाच टप्प्यांत बघतात: मांडलं, समितीत हाललं, समितीच्या पुढे गेलं, सभागृहात मंजूर झालं, कायदा झाला. विधेयक नुसतं गौरवाचं असेल तर वजन १, धोरणाचं असेल तर ५, आणि मोठं महत्त्वाचं असेल तर १०. हे आपल्याकडे जसंच्या तसं लावलं तर जवळपास सगळ्या आमदारांना भोपळा मिळेल. आपल्याकडे कायदे सरकार आणतं. संसदेत स्वातंत्र्यापासून अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) विधेयकं मंजूर झाली ती १४, आणि शेवटचं १९७० मध्ये. मतदान बघायचं म्हटलं तर बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने जातात, कुणी काय केलं त्याची नावनिशी नोंदच नसते. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप (कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश) निघाला की मत पक्षाचं. तेव्हा आमदाराने विधेयक मांडलं की नाही यापेक्षा सरकारच्या विधेयकावर त्याने कोणत्या कलमाला दुरुस्ती सुचवली, ते बघण्यासारखं असतं. ते फार थोडे करतात, आणि करणाऱ्याचं नाव पेपरात येत नाही.

त्या दोन प्राध्यापकांकडून एक गोष्ट मात्र घ्यावी. ते सदस्याचा गुणांक नुसता क्रमाने लावत नाहीत. तो बहुमतातल्या पक्षाचा आहे का, किती जुना आहे, समितीचा अध्यक्ष आहे का, हे धरून त्याच्याकडून किती अपेक्षित होतं ते काढतात आणि मग कमी, बरोबर किंवा जास्त असं सांगतात. पहिल्यांदा निवडून आलेल्या विरोधी आमदाराची तुलना चार वेळच्या सत्ताधाऱ्याशी करू नका, त्याच्यासारख्याच दुसऱ्या नवख्याशी करा. खानदेशात विधानसभेच्या २० जागा आहेत, जळगाव ११, धुळे ५, नंदुरबार ४. एवढ्यांत जोड्या लावणं अवघड नाही.

माझी स्वतःची पद्धत याहून साधी आहे. तालुक्याचा एकच विषय धरायचा आणि आमदाराच्या पूर्ण मुदतीत सभागृहाच्या कागदांत त्याचं काय झालं ते शोधायचं. भाऊ, तुम्ही अमळनेरचे, म्हणजे पाडळसरे धरण. हा निम्न तापी प्रकल्प पंचवीसेक वर्षांहून जास्त काळ रखडलाय. त्यावर "धरण कधी पूर्ण होणार" असं किती वेळा विचारलं ते सोडा. तुमच्या आमदाराने सुधारित प्रशासकीय मान्यतेबद्दल (वाढलेल्या खर्चाला सरकारच्या नव्या मंजुरीबद्दल) विचारलं का? उत्तरात मंत्री काय म्हणाले, "विचाराधीन आहे" की एखादी मुदत दिली? मुदत दिली असेल तर ते आश्वासन झालं. आश्वासनं नोंदली जातात आणि ती पाळली का हे बघायला विधानमंडळाची आश्वासन समिती आहे. पुढच्या अधिवेशनात त्या मुदतीची आठवण सभागृहात कुणी करून दिली का? अर्थसंकल्पात आणि पुरवणी मागण्यांत (वर्षाच्या मध्ये मागितलेल्या जादा पैशात) तापी पाटबंधारे महामंडळाकडे पैसा आला का, आणि मागण्यांवरच्या चर्चेत आपला माणूस त्यावर बोलला का? की नुसती नावापुरती (टोकन) तरतूद झाली आणि गावात पेढे वाटले? प्रश्न, उत्तर, आश्वासन, तरतूद आणि पुन्हा प्रश्न, ही साखळी ज्याच्या नावावर सापडेल तो काम करणारा. माझ्या दोन साहेबांपैकी एकाचे प्रश्न दुसऱ्याच्या निम्मेसुद्धा नव्हते. पण एका पाझर तलावाच्या भूसंपादनाच्या मोबदल्यावर त्यांनी तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना (खात्याने मागितलेली रक्कम कमी करा अशी सूचना), सगळी आयुधं आळीपाळीने वापरली. प्रत्येक वेळी मागच्या उत्तराची तारीख वाचून दाखवायचे. शेवटी खातंच कंटाळलं आणि मोबदला निघाला.

विधानमंडळाच्या समित्या हा आणखी एक न दिसणारा भाग. पंचायत राज समिती जिल्हा परिषदेत आली की अधिकाऱ्यांची झोप का उडते, ते कुठल्याही ग्रामसेवकाला विचारा. नंदुरबारच्या चारही जागा आणि साक्री, शिरपूर, चोपडा मिळून आपल्याकडे सात जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. तिथल्या आमदारांचं काम बघताना अनुसूचित जमाती कल्याण समितीचे अहवाल चाळल्याशिवाय मत बनवू नये. आश्रमशाळा, नोकरभरतीतला अनुशेष, आदिवासी विकासाचा अखर्चित निधी हे तिथे निघतं, टीव्हीवर नाही.

आणि जे सभागृहाचं काम नाही ते या हिशेबात धरू नका. आमदार निधी वर्षाला ५ कोटी मिळतो, त्यातून सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक होतात. ठीक आहे, पण तो खर्च आहे, कायदेमंडळाचं काम नाही. मनमाड–इंदूर रेल्वेबद्दल आमदाराला धारेवर धरणारेही भेटतात. रेल्वे केंद्राची, ते खासदाराला विचारा. लग्न, दहावं, वाढदिवसाचे फलक याबद्दल मी बोलत नाही, कारण मतं त्यावरही पडतात. सभागृहातल्या कामाचा आणि निवडून येण्याचा संबंध किती, ते नंदुरबारने दाखवलंच आहे. २०२३ मध्ये संसदरत्न (संसदेतल्या कामासाठीचा पुरस्कार) मिळालेल्या खासदार हीना गावित २०२४ मध्ये पडल्या. त्याच मतदारसंघाने माणिकराव गावितांना सलग नऊ वेळा लोकसभेत पाठवलं होतं, आणि ते त्यांच्या प्रश्नांच्या संख्येमुळे, असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

करायचं असेल तर सुरुवात विधानमंडळाच्या संकेतस्थळावरून करा. तारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि रोजची कार्यवाही तिथे मिळते. आमदाराच्या नावाने शोधू नका, गावाच्या आणि प्रकल्पाच्या नावाने शोधा. पाडळसरे, पाडळसे, निम्न तापी, सगळी रूपं टाकून बघा, कारण खात्याचे लोक दर वेळी वेगळं लिहितात. आश्वासन सापडलं की जलसंपदा विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. अर्जात अधिवेशन, प्रश्न क्रमांक आणि उत्तराची तारीख घाला आणि पूर्ततेसाठी काय कार्यवाही केली त्याच्या प्रती मागा. नुसतं "पाडळसरे धरणाची माहिती द्यावी" असं लिहिलंत तर माहिती व्यापक स्वरूपाची आहे म्हणून अर्ज परत येईल. प्रश्न क्रमांक मिळाला की इथे टाका, अर्जाचा मसुदा मी लिहून देतो.