शपथपत्रातली जमीन ‘लीन’ कशी काय?

यावलकडच्या एका भाऊंनी विचारलंय की वावर विकताना वकिलाने जे शपथपत्र टाईप करून दिलं त्यात "सदर मिळकत गहाण, दान, लीन, लीज, पोटगी, अन्नवस्त्र यात कोठेही गुंतवलेली नाही" असं लिहिलंय, तर हे लीन काय, जमीन काय कोणाच्या पाया पडते का?

भाऊ, मीपण किती वर्षं तो शब्द तसाच वाचून पुढे जायचो. हा देवापुढे लीन होण्यातला लीन नाहीच. हा इंग्रजी कायद्यातून आलाय, तिकडे फ्रेंचमधून, आणि मुळाशी लॅटिन ‘लिगारे’ म्हणजे बांधणे. आपलं येणं फिटेपर्यंत दुसऱ्याच्या मालमत्तेवर राहणारा हक्क, तो लीन. सरकारी मराठीत याला धारणाधिकार म्हणतात पण तो जास्त करून नोकरीच्या कागदात दिसतो. आपला लीन संस्कृत ‘ली’ धातूचा, चिकटणे, विरून जाणे. दोघांचं नातं काही नाही, पण गंमत बघा, जमिनीवरचा कर्जाचा बोजाही चिकटतोच की!

आता याच्यापेक्षा भारी शब्द तुमच्या सातबाऱ्यावर असेल, ‘इतर हक्क’मध्ये बघा, इकरार. अरबी शब्द, अर्थ कबुली. गावच्या सहकारी सोसायटीकडून केळीसाठी पीककर्ज घेताना आपण लिहून देतो की कर्जाचा बोजा जमिनीवर राहील, १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात तशी सोयच आहे. हल्ली ऑनलाईनमध्ये ते ‘ई-करार’ असं लिहितात त्यामुळे पोरांना वाटतं कॉम्प्युटरवरचा करार!

म्हणजे असा इकरार असेल तर एका कागदावर तुम्हीच कबूल केलंय की बोजा आहे आणि दुसऱ्यावर शपथेवर सांगताय की नाही. आणि एक, शपथपत्राने मालकी सिद्ध होते असं गावात सर्रास बोलतात पण ते फक्त तुमचं शपथेवरचं म्हणणं, मालकी बघायची तर खरेदीखत, वाटणीपत्र, वारसाचे फेरफार हेच काढावे लागतात, सातबारासुद्धा मुळात महसुलाचा कागद. देवाची शपथ नको असेल तर नुसती प्रतिज्ञाही चालते, म्हणून कोणी प्रतिज्ञापत्र म्हणतं, काम तेच.

तर कर्ज फिटलं असेल तर सोसायटीचा बेबाकी दाखला तलाठी आप्पांकडे देऊन इकरार आधी उतरवून घ्या, सही नंतर करा.